आरशाच्या दुर्बिणीला कॅमेऱ्याची जोड

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या पश्चिमेस ईलिंग येथे अँड्र्यू एन्स्ली कॉमन नावाचे एक गृहस्थ राहत असत. धंद्याने ते इमारतींतील आरोग्यव्यवस्थेची कामे करणारे अभियंता होते. परंतु त्यांच्या रात्री आकाशाचे निरीक्षण करण्यात जात. आपल्या घराच्या आवारात त्यांनी ३६ इंच व्यासाच्या आरशाची एक मोठी दुर्बीण उभारली होती. १८८३ सालच्या ३० जानेवारीस त्यांनी या दुर्बिणीला छायाचित्रणाची काच जोडली आणि मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. त्या काचेवर तेजोमेघाचे सूक्ष्म पदर तर उमटलेच; पण त्याच दुर्बिणीतून डोळ्याने पाहणाऱ्याला जे तारे कधीही दिसले नव्हते, तेही तिच्यावर उमटले. या कामगिरीबद्दल रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८८४ साली त्यांना सुवर्णपदक अर्पण केले.

डोळ्याला जे दिसत नाही ते काचेला कसे दिसावे, असा प्रश्न येथे साहजिकच उत्पन्न होतो. डोळा हा आलेला प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. एका क्षणात जेवढा प्रकाश येईल तेवढ्यावर त्याला काम भागवावे लागते; पुढच्या क्षणी तो नव्याने पाहू लागतो. छायाचित्रणाच्या काचेची गोष्ट निराळी आहे. पागोळीखाली घागर ठेवली म्हणजे एकेका थेंबाने ती जशी भरत जाते, त्याप्रमाणे काचेवर पडणारा मंद प्रकाश मिनिटामागून मिनिट साचत राहतो आणि अखेर त्याची खूण उमटते. आज छायाचित्रणाच्या काचेची जागा कॅमेऱ्यातील सेन्सर नावाच्या प्रकाशसंवेदी पट्टीने घेतली आहे. तिचे काम काचेहून पुष्कळ जलद चालते. परंतु प्रकाश साठविण्याचे तत्त्व तेच आहे.

यामुळे ज्याच्याजवळ दुर्बीण आहे, त्याला तिला कॅमेरा जोडून पाहण्याची इच्छा होणे स्वाभाविक होय. पण आरशाच्या लहान दुर्बिणीला कॅमेरा लावणाऱ्यास पुष्कळदा एका विचित्र अडचणीला तोंड द्यावे लागते. नेत्रभिंगातून पाहताना चंद्रावरील विवरे स्वच्छ व रेखीव दिसत असतात. नेत्रभिंग काढून त्या जागी कॅमेरा बसविला, की चंद्राच्या ठिकाणी केवळ एक पुसट, पांढरा डाग दिसतो. कळ फिरवून कॅमेरा आत घ्यावा तो तो डाग लहान व थोडा स्पष्ट होत जातो. परंतु प्रतिमा रेखीव होण्यापूर्वीच कळ शेवटास येऊन अडते. दुर्बीण बिघडलेली नसते आणि कॅमेऱ्यातही दोष नसतो. दोष असतो तो दोघांच्या मापांचा मेळ न बसण्यात. तो मेळ कसा बसवावयाचा, हे कळण्यासाठी प्रथम या दुर्बिणीची रचना समजून घेतली पाहिजे.

आरशाची पहिली उपयुक्त दुर्बीण आयझॅक न्यूटनने १६६८ साली तयार केली. आजही हौशी निरीक्षकांच्या हाती असणाऱ्या बहुसंख्य आरशाच्या दुर्बिणी त्याच रचनेच्या असतात. एका लांब नळ्याच्या तळाशी अंतर्वक्र आरसा असतो. हा मुख्य आरसा. दूरच्या ताऱ्याकडून येणारे किरण परस्परांशी समांतर असतात. ते या आरशावर पडून परत फिरतात आणि निमुळते होत होत एका बिंदूत मिळतात. या बिंदूला नाभी म्हणतात आणि आरशापासून नाभीपर्यंतच्या अंतराला नाभीय अंतर म्हणतात. नाभी नळ्याच्या आतच राहिली, तर ती पाहण्यासाठी निरीक्षकाला आपले डोके नळ्याच्या तोंडाशी न्यावे लागेल आणि येणारा प्रकाशच अडेल. ही अडचण टाळण्यासाठी न्यूटनने नाभीच्या थोडा अलीकडे एक लहान सपाट आरसा ४५ अंशांच्या कोनात तिरपा बसविला. त्यामुळे किरण काटकोनात वळून नळ्याच्या बाजूच्या छिद्रातून बाहेर पडतात व नाभी नळ्याच्या बाहेर तयार होते. या छिद्रावर पुढेमागे सरकणारी एक आखूड नळी असते. तिला खगोलनिरीक्षक फोकसर म्हणतात. नेत्रभिंग तिच्यातच बसवितात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावयास हवी. मुख्य आरशाचे नाभीय अंतर आरसा घासून तयार होतो त्या वेळीच कायमचे ठरते. फोकसरची कळ फिरविल्याने प्रतिमा जागची हलत नाही. हलते ते केवळ नेत्रभिंग. प्रतिमा आपल्या ठरलेल्या जागी अधांतरी तयार होत असते आणि नेत्रभिंगाला तिच्याजवळ नेऊन आपण तिचे निरीक्षण करतो. नेत्रभिंग आकाराने लहान असते व ते फोकसरच्या तोंडात बरेचसे उतरते. म्हणून डोळ्याने पाहण्यासाठी बनविलेल्या दुर्बिणीत ही प्रतिमा फोकसरच्या तोंडापासून अगदी थोड्या उंचीवर तयार होईल, अशी मापे कारागीर ठेवतो. असे करण्यात त्याचा लाभही आहे. तो पुढे येईलच.

आता कॅमेऱ्याकडे वळू. भिंग काढून ठेवता येणाऱ्या कॅमेऱ्यात, तोंडाच्या कड्यापासून बऱ्याच आत सेन्सर असतो. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात पाहण्याच्या खिडकीकडे प्रकाश वळविण्यासाठी एक हलता आरसा बसविलेला असल्यामुळे, त्याला हालचाल करण्यापुरती जागा आत सोडणे भाग असते. कॅननच्या अशा कॅमेऱ्यांत हे अंतर ४४ मिलिमीटर, तर निकॉनच्या कॅमेऱ्यांत ४६.५ मिलिमीटर आहे. दुर्बिणीला जोडण्यासाठी कॅमेऱ्याच्या तोंडावर टी-रिंग नावाचे एक धातूचे कडे चढवितात. हे कडे धरून सेन्सरपर्यंतचे अंतर ५५ मिलिमीटर भरावे, असा संकेत आहे. त्याखाली फोकसरमध्ये शिरणारी एक आखूड नळी असते व तिच्या कानाची जाडी आणखी थोडी जागा खाते. ती ५ मिलिमीटर धरली, तर सेन्सर फोकसरच्या तोंडापासून ६० मिलिमीटर उंच राहतो. फोकसर पूर्ण आत घेतला, तरी सेन्सर याहून खाली येऊ शकत नाही. प्रतिमा मात्र त्याच्या कितीतरी खाली, फोकसरच्या तोंडाशीच तयार होत असते. पाटावर बसलेल्या मुलाचे ताट फडताळावर मांडावे, तशातलाच हा प्रकार होय.

एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. एका दुर्बिणीच्या मुख्य आरशाचा व्यास १५० मिलिमीटर आणि नाभीय अंतर ७५० मिलिमीटर आहे, असे समजू. सपाट आरशाच्या मध्यापासून पूर्ण आत घेतलेल्या फोकसरच्या तोंडापर्यंतचे अंतर १६० मिलिमीटर आहे आणि प्रतिमा या तोंडापासून १५ मिलिमीटर उंचीवर तयार होते. म्हणजे सपाट आरशापासून प्रतिमा १७५ मिलिमीटर दूर आहे. कॅमेऱ्याला ती ६० मिलिमीटर उंचीवर हवी. तेव्हा तूट ४५ मिलिमीटरांची झाली. शिवाय कळ दोन्ही बाजूंस थोडी फिरविता यावी म्हणून १० मिलिमीटर राखून ठेवणे इष्ट असते. अशा रीतीने प्रतिमा एकंदर ५५ मिलिमीटर बाहेर आणावयास हवी, असा हिशेब निघतो.

हा हिशेब अंदाजाने करू नये. तो मोजून करण्याची एक सोपी रीत आहे. दुर्बीण चंद्राकडे रोखावी, नेत्रभिंग काढावे आणि फोकसर पूर्ण आत घ्यावा. मग तेल लावून अर्धपारदर्शक केलेला कागद फोकसरच्या तोंडावर आडवा धरून हळूहळू वर न्यावा. एका उंचीवर चंद्राची लहानशी, रेखीव प्रतिमा कागदावर उमटते. ७५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाने ती सुमारे ७ मिलिमीटर व्यासाची होते. ती उंची पट्टीने मोजावी. हे काम दोघांनी मिळून केल्यास अधिक सोपे जाते. एकाने कागद धरावा आणि दुसऱ्याने माप घ्यावे. तीन-चार वेळा मोजून त्या मापांची सरासरी काढली, तर चुकीचा संभव कमी होतो. हा प्रयोग सूर्यावर मात्र कधीही करू नये. चंद्राची प्रतिमा जेथे रेखीव होते, तेथेच सूर्याची उष्णताही एकवटते. तिने कागद क्षणात पेटतो, आणि चुकून तेथे डोळा नेला तर दृष्टी कायमची जाते.

तूट किती हे कळल्यावर ती भरून काढण्याचे निरनिराळे मार्ग विचारात घ्यावेत. त्यांतील काही मार्गांनी दुर्बिणीला हातही लावावा लागत नाही. पहिला मार्ग बार्लो भिंगाचा. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे हे अंतर्वक्र भिंग प्रतिमेच्या अलीकडे बसविले, म्हणजे निमुळते होत जाणारे किरण थोडे कमी निमुळते होतात आणि अधिक दूर जाऊन मिळतात. प्रतिमा बाहेर येते व अडचण दूर होते. तथापि, दुप्पट वाढविणाऱ्या भिंगाने तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो. त्यामुळे छायाचित्राला चौपट वेळ द्यावा लागतो व आकाशाचा तुकडाही लहान सापडतो. चंद्र व ग्रह यांच्यासाठी हा मार्ग चांगला आहे. मंद तेजोमेघांसाठी नाही. दुसरा मार्ग लहान कॅमेऱ्याचा. ज्याचा सेन्सर अगदी तोंडाजवळ असतो आणि जो नेत्रभिंगाप्रमाणे फोकसरमध्ये उतरतो, असा ग्रहांचा कॅमेरा वापरला तर प्रतिमा सहज पकडता येते. हलता आरसा नसलेल्या बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत तोंडापासून सेन्सरचे अंतर १६ ते २० मिलिमीटर इतकेच असते. अशा कॅमेऱ्याला आखूड जोडकडे मिळाले, तर तूट बरीच कमी होते. तिसरा मार्ग म्हणजे उंच फोकसर काढून त्या जागी ठेंगणा फोकसर बसविणे. त्याने जेवढी उंची कमी होईल तेवढी तूट भरून निघते. परंतु नवा फोकसर जुन्या छिद्रांवर नेमका बसेलच, असा भरवसा नसतो.

या उपायांनी काम होत नसेल, तर दुर्बिणीच्या रचनेत बदल करण्याची वेळ येते. हा बदल म्हणजे मुख्य आरसा नळ्यात वर सरकविणे. त्यामागील कारण सरळ आहे. आरशापासून नाभीपर्यंतची किरणांची एकंदर वाट ७५० मिलिमीटरांचीच असणार. त्यांपैकी ५७५ मिलिमीटर मुख्य आरशापासून सपाट आरशापर्यंत आणि उरलेले १७५ मिलिमीटर सपाट आरशापासून नाभीपर्यंत खर्च होतात. मुख्य आरसा ५५ मिलिमीटर वर सरकविला, तर पहिला भाग ५२० मिलिमीटरांचा होतो. म्हणून दुसरा भाग आपोआप २३० मिलिमीटरांचा होतो. आरसा जेवढा वर, तेवढीच प्रतिमा बाहेर. दोरीचे एक टोक ओढून घेतले तर दुसऱ्या बाजूला दोरी तेवढीच वाढते, तसेच हे आहे.

प्रत्यक्ष काम करताना घाई उपयोगी नाही. प्रथम आरसा त्याच्या बैठकीसह नळ्यातून बाहेर काढावा व स्वच्छ कापडात गुंडाळून दूर ठेवावा. छिद्रे पाडताना उडणारा धातूचा कीस आरशाच्या चकाकत्या थरावर पडला, तर चरे उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. नंतर नळ्यावर जुन्या छिद्रांपासून ५५ मिलिमीटर अंतरावर नव्या खुणा कराव्यात. नळ्याभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्या कडेने रेघ ओढली, तर सर्व खुणा एका पातळीत येतात. त्या खुणांवर छिद्रे पाडून, नळा आतून स्वच्छ पुसून, बैठक नव्या जागी बसवावी. जेथे आरशाची बैठक लांब स्क्रू व स्प्रिंगा यांवर तोललेली असते, तेथे अधिक लांब स्क्रू घालून थोडी तूट छिद्रांवाचूनही भरून काढता येते. काही जण नळाच करवतीने कापून आखूड करतात. पण त्याची आवश्यकता नसते. आरशामागे उरलेला नळ्याचा भाग आरशाचे धूळ व धक्के यांपासून रक्षणच करतो. शिवाय छिद्र पाडलेला नळा पुन्हा पूर्ववत वापरता येतो. कापलेला नळा जोडता येत नाही.

येथवर सर्व सोपे वाटते. परंतु कोणत्याही यंत्रातील एक माप बदलले की त्याचा परिणाम दुसऱ्या मापांवर होतोच. या बदलाचा सर्वांत मोठा परिणाम सपाट आरशावर होतो. मुख्य आरशाकडून परत फिरलेल्या किरणांचा आकार शंकूसारखा असतो. त्याचा तळ १५० मिलिमीटर रुंद आणि टोक ७५० मिलिमीटर दूर. म्हणजे टोकापासून दर ५ मिलिमीटरांमागे हा शंकू १ मिलिमीटर रुंद होतो. पूर्वी सपाट आरसा टोकापासून १७५ मिलिमीटर दूर होता. तेथे शंकूची रुंदी ३५ मिलिमीटर होती. आता तो २३० मिलिमीटर दूर गेला. तेथे शंकूची रुंदी ४६ मिलिमीटर आहे. समजा, कारागिराने ४० मिलिमीटर रुंदीचा सपाट आरसा बसविला होता. डोळ्याने पाहण्यासाठी तो पुरेसा होता. आता मात्र शंकूच्या कडेचे किरण त्याच्या बाहेरून निघून जातात. हिशेब केला तर असे दिसते, की १५० मिलिमीटरांचा मुख्य आरसा आता केवळ १३० मिलिमीटरांच्या आरशाएवढेच काम करतो. प्रकाश क्षेत्रफळाच्या प्रमाणात गोळा होतो; म्हणून जवळजवळ चौथा हिस्सा प्रकाश वाया जातो.

हे नुकसान सहजासहजी ध्यानात येत नाही, म्हणूनच ते अधिक वाईट. कॅमेऱ्यात चंद्र रेखीव दिसू लागतो आणि काम साधले असे वाटते. पण काचेवर कार्बोरंडमची पूड घालून, दिवसचे दिवस ती एकसारखी घासून, तपासून, पुन्हा घासून ज्याने १५० मिलिमीटरांचा आरसा तयार केला, त्याच्या श्रमाचा चौथा भाग नकळत फुकट गेलेला असतो. ज्या मंद प्रकाशासाठी कॅमेरा जोडला, तोच प्रकाश आपण दारातून परत पाठविलेला असतो.

यावर उपाय म्हणजे अधिक रुंद सपाट आरसा बसविणे. शंकूची रुंदी ४६ मिलिमीटर असली, तरी आरसा थोडा मोठा घ्यावा लागतो. कारण चित्राच्या केवळ मध्यबिंदूलाच नव्हे, तर त्याच्या सभोवतालच्या भागालाही पूर्ण प्रकाश मिळावयास हवा. मधल्या १० मिलिमीटर व्यासाच्या भागाला तो मिळावा असे ठरविले, तर या दुर्बिणीला सुमारे ५३ मिलिमीटर रुंदीचा सपाट आरसा लागतो. तथापि, सपाट आरसा हा येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेतच उभा असतो. ४० मिलिमीटरांचा आरसा मुख्य आरशावर येणाऱ्या प्रकाशाचे शंभरांतील सात भाग अडवितो. ५३ मिलिमीटरांचा आरसा साडेबारा भाग अडवितो. एक चौथाई प्रकाश गमावण्यापेक्षा हा तोटा पुष्कळ बरा. परंतु तोही तोटाच. आरसा जितका मोठा तितके ग्रहांवरील बारीक तपशीलही किंचित फिके पडतात. केवळ डोळ्याने पाहण्याची दुर्बीण बनविणारा कारागीर प्रतिमा फोकसरच्या जवळ का ठेवतो, हे आता कळून येईल. सपाट आरसा लहान राहावा, हाच त्याचा हेतू असतो. दोन्ही कामे सर्वोत्तम करील अशी एकच दुर्बीण होत नाही. कोणत्या कामाला अग्रस्थान द्यावयाचे, हे आधी ठरवावे लागते. आणि म्हणूनच आरसा ‘असू द्यावा थोडा जास्त’ म्हणून गरजेपेक्षा अधिक वर सरकविणे हे शहाणपणाचे नव्हे.

आणखी काही लहान गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. जड आरसा वर सरकला आणि नळ्याच्या तोंडाकडे कॅमेऱ्याचे वजन आले, म्हणजे नळ्याचा तोल पुढच्या बाजूस जातो. तेव्हा नळा आपल्या कड्यांमध्ये मागे सरकवून तोल पुन्हा साधावा. मुख्य आरसा हलविल्यामुळे दोन्ही आरशांचे एकमेकांशी असलेले कोनही बदलतात. ते नव्याने जुळविल्यावाचून तारे टिंबासारखे न उमटता शेपटी असल्यासारखे उमटतात. नेत्रभिंगातून पाहावयाचे झाल्यास प्रतिमा आता ५५ मिलिमीटर उंच गेलेली असते. म्हणून तेवढ्या लांबीची एक जोडनळी फोकसरमध्ये घालून तिच्यावर नेत्रभिंग बसवावे. ही जोडनळी जवळ ठेवली, म्हणजे दुर्बीण डोळा व कॅमेरा या दोघांच्याही उपयोगी पडते.

प्रतिमा सेन्सरच्या आवाक्यात आली, तरी ती नेमकी त्याच्यावर पाडणे हे नाजूक काम आहे. मनुष्याच्या डोळ्याचे भिंग आपली जाडी थोडी बदलू शकते; त्यामुळे नेत्रभिंग किंचित पुढेमागे असले तरी डोळा ती उणीव सांभाळून घेतो. सेन्सरला असे काही करता येत नाही. या उदाहरणातील दुर्बिणीत एक मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाइतक्याच पट्ट्यात प्रतिमा पूर्ण रेखीव असते. म्हणून एखादा तेजस्वी तारा कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहावा, त्याचा ठिपका लहानांत लहान होईपर्यंत कळ अगदी हळू फिरवावी आणि मग फोकसर घट्ट करावा. नवशिक्याने प्रथम चंद्र निवडावा हे उत्तम. त्याचे छायाचित्र सेकंदाच्या लहानशा अंशात निघते. ताऱ्यांना अधिक वेळ द्यावा लागतो. आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे त्यांची प्रतिमा सेन्सरवरून सरकत राहते. तेव्हा ताऱ्यांच्या गतीने दुर्बीण फिरविणारी बैठक असल्यावाचून तेजोमेघांचे छायाचित्र साधत नाही.

कॅमेऱ्यासाठी दुर्बीण बदलण्याचा हा खटाटोप केवळ हौशी लोकांनाच करावा लागला असे नाही. आयझॅक रॉबर्ट्स यांनी आपल्या २० इंची दुर्बिणीत छायाचित्रणाची काच थेट मुख्य आरशाच्या नाभीवरच बसविली. त्यामुळे दुसऱ्या आरशावर होणारी प्रकाशाची हानी टळली. १८८८ साली त्यांनी घेतलेल्या देवयानी तारकासमूहातील मोठ्या तेजोमेघाच्या छायाचित्रात त्याची चक्राकार रचना प्रथमच स्पष्टपणे दिसली. तो तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी एक स्वतंत्र दीर्घिका आहे, हे पुढे विसाव्या शतकात सिद्ध झाले. कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावरील २०० इंची दुर्बीण १९४९ साली छायाचित्रे घेऊ लागली. तिच्या नळ्यातच, मुख्य आरशाच्या नाभीपाशी, निरीक्षकाला बसण्यासाठी एक पिंजरा केलेला होता. आरसा एवढा मोठा, की पिंजऱ्यासह माणूस मध्ये बसला तरी अडणारा प्रकाश थोडाच असे. लहान दुर्बिणीत हे शक्य नसते. म्हणून तिला न्यूटनच्या सपाट आरशाचाच आश्रय करावा लागतो.

कॉमन यांच्या ३६ इंची दुर्बिणीचा पुढील इतिहासही बोधप्रद आहे. १८८५ साली ती एडवर्ड क्रॉसले यांनी विकत घेतली व १८९५ साली कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेला देणगी म्हणून दिली. १८९८ साली त्या वेधशाळेचे संचालक झालेल्या जेम्स कीलर यांनी ही जुनी दुर्बीण स्वतः हाती घेतली. तिच्यातील एकेक उणीव शोधून त्यांनी ती दूर केली आणि मग छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. पूर्वी कोणी न पाहिलेले असंख्य लहान तेजोमेघ त्यांच्या काचांवर उमटले व त्यांतील पुष्कळ चक्राकार असल्याचे आढळले. कीलर १९०० साली, ऐन उमेदीत, निधन पावले. पण धीराने दुरुस्त केलेली आरशाची दुर्बीण किती मोठे काम करू शकते, हे त्यांनी जगाला दाखवून दिले.

महाराष्ट्रालाही आरशाची दुर्बीण परकी नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीच्या साहाय्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे वेधशाळा उभारली होती. २० इंची आरशाची दुर्बीण हे तिचे भूषण होते. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे दक्षिणेत कोडाईकनालच्या वेधशाळेकडे गेली. पुढे १९४४ साली पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली व हौशी निरीक्षकांना एक हक्काचे ठिकाण मिळाले.

स्वतः दुर्बीण बांधणाऱ्याला एक मोठा लाभ असतो. तिचा प्रत्येक भाग कोठे व का आहे, हे त्याला ठाऊक असते. म्हणून कॅमेरा जोडताना प्रतिमा जुळली नाही, तर तो दुर्बिणीला किंवा कॅमेऱ्याला बोल लावीत बसत नाही. तो पट्टी व कागद घेतो, चंद्र उगवण्याची वाट पाहतो आणि प्रतिमा कोठे पडते ते मोजतो. किती मिलिमीटर हवेत, त्यासाठी काय द्यावे लागेल आणि ते देणे परवडेल काय, याचा हिशेब तो आधी कागदावर मांडतो. छिद्र पाडण्याचे हत्यार त्याच्या हाती येते ते सर्वांच्या शेवटी. मृगाच्या तेजोमेघातून सुमारे तेराशे वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश त्याच्या आरशावर येऊन पडतो, तेव्हा त्यातील एक कणही व्यर्थ जाऊ नये, एवढीच त्याची खटपट असते.